डावा हात पुढे

यंदाही पऱ्हाटीला कापसाची बोंडं फुटली, आणि यंदाही रस्त्यावर हिरवे दिवे पळायला लागले.

दिवाळीच्या सुटीत मी आमच्या बंजारा तांड्यावर आले आहे. सकाळची थंडी अजून फार नाही, पण ओढणी कानांवरून घ्यावीशी वाटते. तांड्यावरून दिग्रसकडे जाणाऱ्या रस्त्यावर उजाडायच्या आधीच पावलांचा आवाज येतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पळत असतात. अंधारात त्यांचे चेहरे दिसत नाहीत. दिसतो तो फक्त डाव्या मनगटावरच्या पट्ट्याखालून सांडणारा बारीक हिरवा उजेड, हात हलेल तसा वर-खाली होणारा. लांबून पाहिलं तर काजव्यांची रांग चालली आहे असं वाटावं. सुंदर दिसतं ते, मला मान्य आहे. पण ते दिसलं की माझ्या जबड्याचे दात एकमेकांवर घट्ट बसतात.

तशी मी रागीट मुलगी नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. कुठं बोलायचं, कुठं गप्प बसायचं, कोणत्या खिडकीसमोर उभं राहायचं, हे सांगणारं घरात कोणी नव्हतं, त्यामुळे मी सगळीकडे जरा मागेच उभी राहते. वर्गात प्रश्न विचारायचा असला तरी तो मनात इतक्या वेळा घोळवते की तास संपतो. अशा माणसाला राग येतो तेव्हा तो ठेवायचा कुठं हेच कळत नाही. एक वर्ष मी तो सोबत घेऊन फिरते आहे. म्हणून लिहून पाहते.

गेल्या वर्षी, याच दिवसांत, मी दिग्रसला भरतीच्या अकॅडमीत होते. सकाळी मैदान, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा मैदान, आणि राहणं-जेवण अकॅडमीच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मैदान एका जिनिंगच्या मागे होतं. कापसाचा हंगाम, त्यामुळे जिनिंग सुरू. पहाटे धावताना हवेत कापसाचे तंतू तरंगत असायचे, नाकात जायचे, घामाला चिकटायचे. फेऱ्या संपवून थांबलो की आमच्या सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. बोरी अरबची रेश्मा म्हणायची, "पाय व मनी, भरती होता होता म्हाताऱ्या झालो आपण." रेश्माच्या घरी कापूस, सोयाबीन, तूर सगळं, आणि बोलणंही तसंच, भरघोस. माझ्या शेजारची खाट तिची होती.

पट्टे आले ते त्याच आठवड्यात. अकॅडमीचे सर एका खोक्यात भरून घेऊन आले. काळ्या रबराचे, मध्ये छोटी काच. सर मोठ्या आवाजाचे, पण वाईट माणूस नव्हेत. पोरी भरती व्हाव्यात असं त्यांना मनापासून वाटायचं, हे मी आजही नाकारत नाही. त्यांनी आम्हाला रांगेत बसवलं आणि सांगितलं की आता अंदाजपंचे कारभार बंद. कोण घाम गाळते आणि कोण नुसतं तोंड धुऊन येते ते आता हे यंत्र सांगणार. सगळ्यांनी पट्टा डाव्या हातात बांधायचा, चोवीस तास काढायचा नाही.

मग त्यांनी जेवणाचा नियम सांगितला.

"गाडीची टाकी भरून असताना कोणी पेट्रोल टाकते का? नाही ना? मंग. जिनं जेवढं जाळलं, तिले तेवढं भेटंल. जळालंच नाही तर भरायचं कायले?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पटण्यासारखंच होतं ते.

जेवणाच्या शेडच्या दारात एक रेघ ठरली. पट्ट्यावरचा कॅलरीचा आकडा रेघेच्या वर असेल तर दोन उकडलेली अंडी, दूध, हव्या तेवढ्या पोळ्या. रेघेच्या खाली असेल तर दोन पोळ्या आणि वरण. दारात सरांचा एक माणूस उभा राहायचा आणि ओरडायचा, "डावा हात पुढे!" आम्ही सगळ्या ताट उजव्या हातात धरून डावा हात पुढे करायचो, शाळेत छडी खाताना करतात तसा. तो काचेवर बोट टेकवायचा, आकडा उजळायचा, आणि मग तो फक्त एवढंच म्हणायचा, "वर" किंवा "खाली".

माझ्या हातावर आकडा नीट यायचाच नाही. नाडीच्या जागी दोन आडव्या रेघा, आणि कॅलरीच्या जागी इतकं थोडं काहीतरी की एखादी म्हातारी खाटेवर बसून राहिली तरी त्याहून जास्त भरावं. पहिल्या दिवशी त्या माणसानं काच दोनदा पुसली. मग म्हणाला, "खाली."

मी त्या सकाळी रेश्माच्या पुढे धावले होते.

रेश्मानं माझा हात ओढून काच पाहिली आणि म्हणाली, "बाप्पा! तुह्या हातात तर जीवच नाही वो. मेली हायेस का तू?" सगळ्या पोरी पुन्हा हसल्या. तिनं मला तिचं अर्धं अंडं दिलं. दुसऱ्या दिवशी सरांनी नियम वाढवला की आपलं ताट आपणच खायचं, वाटून खाल्लं तर दोघी खाली.

उकडलेल्या अंड्याचा वास मला त्या आधी फारसा ठाऊक नव्हता. आता तो मला कुठूनही ओळखता येतो. गरम, थोडा गंधकासारखा, टरफल फुटताना येणारा. शेडमध्ये तो वास भरून राहायचा आणि मी वरणात पोळी बुडवत असायचे. भूक कशी असते हे मला लहानपणापासून ठाऊक आहे असं मला वाटायचं. ते खरं नव्हतं. घरी कमी असायचं तेव्हा सगळ्यांनाच कमी असायचं. भरलेल्या ताटांच्या मधोमध बसून, मेहनत करूनही, तू मेहनत केली नाहीस असं सांगून दिलेली भूक वेगळी असते. ती पोटात कमी आणि कानशिलांत जास्त जाणवते.

रेघेखाली असणाऱ्यांना संध्याकाळी जास्तीच्या फेऱ्या असायच्या. म्हणजे खायचं कमी, पळायचं जास्त, म्हणून सकाळी पाय जड, म्हणून वेग कमी. आणि वेग कमी झाला की सर म्हणायचे, "पाय, मशीन बरोबर सांगत होती." मला आता लिहितानाही हात थांबवावा लागतो. एखाद्याला दोरीनं बांधून ठेवायचं आणि मग म्हणायचं, पाहा, हा हलतच नाही.

पट्ट्यांना फसवणारेही होतेच. रेश्मा खाटेवर पडल्या पडल्या डावा हात हलवत बसायची. "काय करून राह्यली व?" विचारलं तर म्हणायची, "आरती करून राह्यली. दोन अंड्याची आरती." मुलांच्या शेडमधल्या एकानं म्हणे पट्टा बोकडाच्या पायाला बांधून बोकड सोडून दिला. संध्याकाळी बोकडाच्या कॅलरी सगळ्या मुलांपेक्षा जास्त. रेश्मानं ऐकलं आणि विचारलं, "मंग बोकडाले अंडे भेटले का नाही?" आम्ही पोट धरून हसलो. पण मला रात्रभर... नाही, रात्रभर वगैरे नाही, पण बराच वेळ ते डोक्यात राहिलं. बोकडाचं खरं मानलं गेलं. माझं नाही.

रविवारी मी तांड्यावर यायचे, वेचणीला. याडी, म्हणजे माझी आई, आणि मी शेजारशेजारचे तास, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळी, धरायचो. घरी आम्ही गोरबोलीत, आमच्या बंजारा भाषेत, बोलतो. इथं लिहिताना मी ते आपल्या वऱ्हाडीत लिहिते. वेचणी ज्यांनी केली नाही त्यांना ती सोपी वाटते. नुसतं फुलं तोडल्यासारखं. पण बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा सोलून निघतात, कंबर ना पूर्ण वाकलेली ना सरळ, आणि पोटाशी बांधलेली ओटी प्रत्येक झाडागणिक जड होत जाते. गाठोडं डोक्यावर घेऊन बांधापर्यंत यायचं आणि पुन्हा तासाला लागायचं. माझ्या मनगटावर तो पट्टा होताच, काढायचा नाही असा नियम. त्यात व्यायामाचे प्रकार निवडता यायचे. चालणं, धावणं, सायकल, दोरीच्या उड्या, योगासनं. पोहणंही होतं. आमच्या तांड्याच्या विहिरीत उन्हाळ्यात भांडं बुडत नाही, पण पोहणं होतं. कापूस वेचणं नव्हतं. पट्ट्याच्या लेखी मी सावकाश चालत होते, आणि मधून मधून उभी होते.

सोमवारी सरांनी विचारलं, "काल आराम केला वाटते?"

मी म्हणाले, "नाही सर, वेचाले गेलती."

"ते काम झालं. व्यायाम वेगळा."

हे वाक्य मी अजून चावते आहे. काम वेगळं, व्यायाम वेगळा. म्हणजे माझ्या आईनं आयुष्यात कधी व्यायाम केलाच नाही. ती नुसतीच थकत आली.

मला वाटायला लागलं होतं की दोष माझ्यातच असेल. हे सगळ्यात वाईट. यंत्र रोज, दोन वेळा, सगळ्यांसमोर तेच सांगत असलं की माणूस स्वतःच्या पायांवर विश्वास ठेवणं सोडतो. धावून आल्यावर छाती फुटायला आलेली असायची आणि मी काचेकडे पाहून मनात म्हणायचे, एवढंही नसेल झालं. उगीच दमल्यासारखं वाटत असेल. मी माझ्या धापेलाच खोटं ठरवायला लागले होते.

कॉलेजात प्राणिशास्त्राचं प्रात्यक्षिक होतं. नाडी मोजणं. मॅडमनी सांगितलं, दोन बोटं अंगठ्याखाली मनगटावर ठेवा, घाई करू नका, सापडेल. मी पट्टा वर सरकवून उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवली. माझ्या डाव्या मनगटाभोवती गोंदण आहे. लहान असताना जत्रेत मावशीनं मांडीवर घट्ट धरून गोंदवून घेतलेली दाट वेल, कड्यासारखी गोल फिरून कोपराकडे चढत गेलेली, हिरवट काळी. याडीच्या हातावर तशीच आहे. दागिने इथंच राहतात, गोंदण शेवटपर्यंत सोबत येतं, असं ती मानते. मी बोटं ठेवली आणि वेलीच्या एका पानाखाली नाडी लागली. ठक, ठक, ठक. चांगली दणदणीत. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या मुलीला म्हणाले, "पाय ना, लागून राह्यली." तिला काही कळलं नाही. तिला तिचीही लागत होती.

तेव्हा प्रथम मी पट्टा काढून उजव्या हातात बांधला. उजवं मनगट कोरं आहे. दोन आडव्या रेघा गेल्या आणि आकडा आला.

तास संपल्यावर मी मॅडमच्या टेबलाजवळ गेले. परत फिरणार होते, पण त्यांनीच विचारलं, "काय गं, काही विचारायचं आहे का?" मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी माझं गोंदण पाहिलं, पट्टा उलटा करून त्याचा हिरवा दिवा पाहिला.

"हा उजेड कातडीत जातो, रक्ताला लागून परत येतो, त्यावरून हे नाडी धरतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातावर शाई एवढी दाट आहे की उजेड तिथंच अडतो. त्याला नाडी दिसतच नाही. मग नुसत्या हात हलण्यावरून काहीतरी ठरवत असेल."

"आणि कॅलरी, मॅडम? ते तरी मोजते ना?"

"नाही गं. कॅलरी ते मोजत नाही. मोजायच्या तर माणसाच्या तोंडाला मुखवटा लावून श्वासातली हवा तपासावी लागते. हे नाडी, हालचाल, वय, वजन, बाई की पुरुष, असं सगळं घेऊन हिशेब लावतं. अंदाज आहे तो. दोन कंपन्यांचे दोन पट्टे एकाच हातात बांधलेस तर दोघं दोन वेगळे आकडे सांगतील. नाडी बऱ्यापैकी सांगतात, कॅलरीत खूप चुकतात."

अंदाज. मी जिन्यावरून उतरताना तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. आधी हलकं वाटलं. मी कामचोर नव्हते, माझे पाय खोटं बोलत नव्हते, धाप खरी होती. खालच्या पायरीपर्यंत पोचले तेव्हा हलकं वाटणं संपलं होतं. अंदाजावर त्यांनी माझं ताट ठरवलं. कोणीतरी कुठंतरी एक यंत्र बनवलं, ते बनवताना ज्यांचे हात पाहिले त्यांत गोंदलेला हात नसावा. असता तर निदान पट्ट्यानं म्हटलं असतं, मला इथलं दिसत नाही. तेवढा प्रामाणिकपणा त्यात नव्हता. दिसत नाही असं न म्हणता त्यानं म्हटलं, काही घडलंच नाही. आणि हे तर यंत्राचं झालं. सरांना तर डोळे होते. मी रोज त्यांच्यासमोर धावत होते. मैदानाच्या टोकाला उभं राहून ते शिट्टी वाजवायचे आणि मी त्यांच्या समोरून जायचे, घामानं निथळत, भुवयांना कापूस चिकटलेला. त्यांनी मला पाहिलं आणि तरी काचेला विचारलं.

संध्याकाळी मी सरांकडे गेले. रेश्मा सोबत आली, कारण मी एकटी गेले असते तर दारातूनच परत आले असते, हे तिला माहीत होतं. मी सांगायला सुरुवात केली आणि शब्द अडखळले. मग मी नुसतंच दाखवलं. पट्टा डाव्या हातात, दोन रेघा. पट्टा उजव्या हातात, आकडा. सरांनी स्वतः पुन्हा बांधून पाहिलं. शाईवर बोट फिरवलं. मला वाटलं, आता ते म्हणतील. काय म्हणतील हे मी नीट ठरवलं नव्हतं, पण काहीतरी म्हणतील, ज्यानं ते सगळे दिवस परत ताटात येणार नाहीत, तरी कुठंतरी टेकतील.

ते म्हणाले, "मंग उजव्या हातात बांधायचं ना! पहिले काहून नाही सांगितलं?"

एवढंच. पुढं त्यांनी फोन उचलला.

बाहेर आल्यावर रेश्मा म्हणाली, "पाय, तुहीच चूक निघाली शेवटी." ती हसवायला म्हणाली होती. मी हसले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी उजवा हात पुढे करायला लागले. "वर." दोन अंडी, दूध. पहिलं अंडं मी सोलत बसले, तुकड्या तुकड्यानं टरफल काढत, आणि तोंडात घातल्यावर ते गिळता येईना. पाणी पिऊन ढकललं. आठवड्याच्या शेवटी फळ्यावर नावं लागली, त्यात माझं नाव सगळ्यात वर. सरांनी सगळ्यांना उभं केलं आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "पाहा. याले म्हणतात सुधारणा. मनावर घेतलं पोरीनं." टाळ्या वाजल्या.

कोणी अपमान केला तर निदान तो अपमान आहे हे कळतं. हे काय होतं? मी जेवढी आधी धावत होते तेवढीच धावत होते. खरं तर कमी, कारण अंगात काही उरलं नव्हतं. आणि मी सुधारले होते. म्हणजे आधीची मी आळशी होते, हे आता टाळ्या वाजवून पक्कं झालं. मी उभी राहिले, मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं मी लाजले.

आणि तो वरचा आकडा तरी खरा होता का? पट्टे सुरू करताना सरांच्या माणसानं सगळ्यांचं वजन एकच टाकलं होतं, स्वतःचं, घाईत. रेश्माचं अंग आणि माझं अंग पट्ट्याच्या मते सारखंच. तो माणूस आम्हा दोघींपेक्षा जाड. त्यामुळे माझा आकडा फुगलेला होता. खोटं तेही होतं. फक्त माझ्या बाजूचं खोटं होतं, म्हणून त्याला अंडी मिळत होती. मी हे सरांना सांगितलं नाही. मला भूक लागली होती.

मैदानी चाचणीला जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. दारातच सांगितलं, हातातलं, गळ्यातलं, घड्याळ, पट्टा, सगळं काढून ठेवा. आत काही चालत नाही. सगळ्या पोरींनी पट्टे काढून सरांच्या माणसाच्या कापडी पिशवीत टाकले. मी त्या पिशवीकडे बघत राहिले. ज्याच्यावर आमचा घास ठरत होता, त्याला फाटकातून आतसुद्धा घेत नव्हते. आत फक्त पाय चालणार होते. आणि पायांना काय दिलं होतं आम्ही?

आठशे मीटरला मी सुरुवात बरी केली. मातीचं मैदान, कडेला माणसं, कोणीतरी कोणाचं तरी नाव घेऊन ओरडत होतं. शेवटच्या वळणावर पाय होते तिथंच, पण ते माझे वाटेनात. कोणी गुडघ्यातून दोरी काढून घ्यावी तसं. मी थांबले नाही, पडलेही नाही. रेश्मा माझ्या पुढून गेली, मग आणखी दोघी, मग आणखी. रेघ ओलांडली तेव्हा तोंडात लोखंडासारखी चव होती. गोळाफेकीत गोळा जवळच पडला. यादी लागली त्यात रेश्माचं नाव होतं, माझं थोडक्यासाठी नव्हतं. रेश्मानं मला मिठी मारली आणि तीच रडली.

अंड्यांमुळेच माझी भरती गेली असं मी म्हणणार नाही. ते मला सिद्ध करता येणार नाही, आणि विज्ञान शिकणाऱ्या मुलीनं असं म्हणू नये. कदाचित नुसतीच कमी पडले असेन. पण हेच तर मला कधी कळणार नाही. पोटभर खाऊन मी किती वेगानं धावते हे त्या हंगामात कळलं असतं. ते कळण्याची माझी संधी कोणीतरी काढून घेतली, आणि घेतली हे मान्यही केलं नाही. राग त्याचा आहे.

यंदा मी पुन्हा अर्ज भरला आहे. कॉलेज सांभाळून एकटीच धावते. सुटीत इथं, तांड्याच्या रस्त्यावर.

आज आमच्या शेतात सीतादही होतं. पहिल्या वेचणीच्या आधी शेतात दहीभात शिंपडतात, पूजा करतात, मग ओट्या बांधतात. सकाळभर वेचणी झाली. ऊन वर आलं, शेजारच्या तासातल्या बायका एकमेकींची मापं काढत होत्या, कोणाची सून किती झोपते वगैरे. मी ओटी रिकामी करून बांधावर बसले तोच फोन वाजला. सर.

"मनीषा, कशी हायेस बेटा? ऐक, यंदा ये. तुह्यात दम हाय, मले माहीत हाय. आणि यंदा नवीन पट्टे आणले, एकदम अचूक. गोंदणवाल्या पोरींसाठी वेगळा नियमच केला, उजवा हात."

मी विचारलं, "सर, जेवण त्याच्यावरच राहीन का?"

"नियम सगळ्यायले सारखा, बेटा."

मागच्या वर्षीची मी असते तर म्हणाले असते, बरं सर, विचारून सांगते. आज माझ्या तोंडून निघालं, "सर, ज्या पोरींचे दोन्ही हात गोंदले असतीन, त्यायनं काय पाय पुढे करावा?"

मग ते म्हणाले, "हे कोणत्या भाषेत बोलून राह्यली तू?"

"भुकेच्या," असं काहीतरी ऐटीत म्हणता आलं असतं. सुचलं नाही. मी म्हणाले, "मी नाही येत," आणि फोन ठेवला. छाती धडधडत होती, आणि ती धडधड कोणी मोजत नव्हतं.

याडीनं फडकं सोडलं होतं. ज्वारीच्या बाट्या, लाल चटणी, वांग्याची भाजी. बाटी म्हणजे आमची भाकर. शेतात ताट नसतं, बाटी हातावरच घ्यायची. पहिली संपली, दुसरी संपली. दुसरीनंतर मी थांबले. गेल्या वर्षापासून मी दुसरीनंतर थांबते. भूक असली तरी थांबते. घरी, कॉलेजच्या खानावळीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. आणि थांबले की डावं मनगट उलटं करून बघते. तिथं काहीच नसतं. वेल असते.

याडीनं ते पाहिलं. तिनं ते याआधीही पाहिलं असणार.

"काय पाहून राह्यली तथं?"

"काही नाही."

"कोणाचा फोन होता?"

"सरांचा. ये म्हणून राह्यले."

"मंग?"

"नाही म्हणलं."

फडक्यातली पुढची बाटी तिनं उचलली, दोन्ही हातांत धरली, मोडायला अंगठे लावले. मी कधी जास्त घेत नाही हे तिला आता सवयीचं झालं आहे.

"अर्धी देऊ?"

"अख्खी दे," मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या तासातल्या बायकांनी ओट्या धरून माना वर केल्या.